विश्लेषण : थायरॉइडची गोळी सुरू, तरी वजन जागचं हलत नाही, गडबड नेमकी कुठे होते?

चौलला आत्याकडे गेलं की सकाळ लवकर उजाडते. सहाच्या आत वाडीतला पंप सुरू होतो आणि स्वयंपाकघरात चहा उकळायला लागतो. गेल्या डिसेंबरात दत्ताच्या यात्रेसाठी गेलो होतो. आत्याने गॅसशेजारच्या फळीवरून एक बाटली काढली, त्यातली थायरॉइडची गोळी तोंडात टाकली, पाठोपाठ कॅल्शियमची गोळी टाकली आणि दोन्ही गरम चहाच्या घोटाबरोबर गिळल्या.

आठ महिने तिने रात्रीचा भात सोडला होता. वजन ७४ किलोवरून ७३ वर आलं होतं. ‘अरे, थायरॉइड आहे ना मला, मग वजन कसलं उतरतंय!’ असं म्हणून तिने विषय संपवला. त्या वर्षी भोवाळ्याच्या डोंगरावर दत्ताच्या पायऱ्या चढायला ती आलीच नाही. ‘दम लागतो, लोक बघतात,’ म्हणाली.

इंजिनीअरिंग शिकल्यामुळे असेल, मला आधी आकडे बघायची खोड आहे. फाइल मागितली. चार वर्षं एकही दिवस न चुकवता गोळी घेणाऱ्या आत्याचा टीएसएच ९ च्या वर होता. म्हणजे गोळी पोटात जात होती, पण तिचं काम पूर्ण होत नव्हतं. तिच्या परवानगीने हा किस्सा इथे सांगतोय, कारण अशी बाटली आणि असा चहा अनेक घरांत आहे.

थायरॉइड कमी होतो म्हणजे काय?

गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची एक लहान ग्रंथी असते. ती टी-४ आणि टी-३ ही संप्रेरकं तयार करते. शरीराने ऊर्जा किती वेगाने वापरायची, हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगातली ऊब, त्वचा, केस, मासिक पाळी अशा अनेक गोष्टी या संप्रेरकांवर अवलंबून असतात.

मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी या कामावर लक्ष ठेवते. रक्तात टी-४ कमी पडलं की ती ‘अजून तयार कर’ असा निरोप पाठवते. हा निरोप म्हणजे टीएसएच. म्हणून ग्रंथी मंदावली की टीएसएच वाढतो. गिझरमधला थर्मोस्टॅट असंच काम करतो. पाणी थंड झालं की तो कॉइल चालू करतो, पुरेसं तापलं की बंद करतो.

यातली एक गोष्ट रिपोर्ट वाचताना उपयोगी पडते. टी-४ थोडंसं हललं तरी टीएसएच बराच हलतो. त्यामुळे उपचार बरोबर चालले आहेत का, हे टीएसएचवरून चांगलं कळतं. त्याची सर्वसाधारण मर्यादा प्रयोगशाळेनुसार साधारण ०.४ ते ४ अशी असते.

वाढलेल्या वजनातलं थायरॉइडचं किती?

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या रुग्णांसाठीच्या माहितीनुसार, थायरॉइड कमी झाल्यामुळे वाढणारं वजन बहुतेकांत ५ ते १० पौंड, म्हणजे साधारण सव्वादोन ते साडेचार किलो असतं. कमतरता किती तीव्र आहे यावर ते कमी-जास्त होतं.

शिवाय हे वजन सगळं चरबीचं नसतं. त्यातला बराच भाग अंगात साठलेलं मीठ आणि पाणी असतं. संप्रेरक कमी पडलं की त्वचेखालच्या ऊतींमध्ये पाणी धरून ठेवणारे पदार्थ साचतात. सकाळी चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली फुगलेलं, अंगठी घट्ट झालेली, हे त्याचंच लक्षण.

याचा अर्थ असा की गोळीचा डोस बरोबर बसला की हे पाणी उतरतं आणि वजन थोडं कमी होतं. ही घट साधारणपणे शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आतच असते. आत्याचं वजन चार वर्षांत १३ किलोने वाढलं होतं. त्यातले तीन-चार किलो थायरॉइडच्या नावावर टाकता येतील. उरलेल्या नऊ-दहा किलोंचा हिशोब ताटात, बसून घालवलेल्या वेळात, झोपेत आणि वयात शोधावा लागतो.

हे ऐकून कुणी निराश होईल. पण यातच चांगली बातमीही आहे. टीएसएच मर्यादेत आला की वजन कमी करण्याची तुमची क्षमता थायरॉइड नसलेल्या माणसासारखीच असते. म्हणजे ‘माझं उतरणारच नाही’ हे खरं नाही.

समुद्रकाठी राहून, मासे खाऊन थायरॉइड होतो कसा?

चौल, रेवदंडा, नागावकडे हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्यामागे एक जुना तर्क आहे. आयोडीन कमी पडलं की गलगंड होतो, समुद्रात आयोडीन असतं, मग आपल्याला कसला थायरॉइड?

आयोडीन हा ग्रंथीचा कच्चा माल आहे, हे खरं. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. मासळीतून ते मिळतंही. पण मिठागरात पिकवलेल्या जाड्या मिठात ते फारसं उरत नाही, मग ते पेणचं असो वा उरणचं. म्हणून मिठात आयोडीन वरून मिसळावं लागतं. भारतात १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ पासून खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला देशभर बंदी आहे.

आज आयोडीन मिळणाऱ्या भागात थायरॉइड कमी होण्याचं मुख्य कारण वेगळं आहे. शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक यंत्रणाच या ग्रंथीवर हल्ला करते. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला हाशिमोटो थायरॉयडायटिस म्हणतात. तो घराण्यात चालत येऊ शकतो आणि बायकांमध्ये जास्त दिसतो. यात मासे कमी खाल्ले की जास्त, हा प्रश्नच नसतो.

आकडेही हेच सांगतात. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत ५,३७६ प्रौढांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात साधारण ११ टक्के लोकांत थायरॉइड कमी आढळला. मुंबई, गोवा, चेन्नई या किनाऱ्यावरच्या ठिकाणी प्रमाण थोडं कमी होतं, तरी ते साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होतंच. म्हणजे किनाऱ्यावरही दहातल्या जवळपास एकाला.

म्हणूनच आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. आयोडीन गरजेपेक्षा जास्त झालं तर हाशिमोटोचा त्रास वाढूही शकतो.

रोज गोळी घेऊनही टीएसएच का उतरत नाही?

कमी थायरॉइडवर दिली जाणारी गोळी लिव्होथायरॉक्सिनची असते. ती म्हणजे तेच टी-४, फक्त बाहेरून दिलेलं. ही गोळी शोषली जाण्याच्या बाबतीत नाजूक आहे. रिकाम्या पोटी तिचा बराच मोठा भाग आतड्यातून रक्तात जातो, पण पोटात काही असलं की हे प्रमाण घसरतं. वर डोसही मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात मोजलेला. थोडं जरी वाया गेलं तरी फरक पडतो. गडबड बहुतेक वेळा यापैकी कुठेतरी असते :

• चहा-कॉफी : गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी. त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, काहीही खाऊ-पिऊ नये. चहाही नाही.

• कॅल्शियम, लोह, आम्लपित्ताची औषधं : कॅल्शियम आणि लोह आतड्यातच या गोळीला धरून ठेवतात. त्यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. अँटासिडचंही तसंच. आम्लपित्ताची गोळी कायम सुरू असेल तर डॉक्टरांना सांगावं. सोयाबीनचे पदार्थही गोळीच्या वेळेपासून लांब ठेवावेत.

• दमट हवा : ही गोळी ओलावा, उष्णता आणि उजेड यांनी खराब होते. कोकणातल्या पावसाळ्यात मीठ बरणीत पाणी सोडतं, तिथे उघडी राहिलेली गोळ्यांची बाटली कशी टिकणार? झाकण घट्ट लावावं. बाटली गॅसजवळ, खिडकीत किंवा न्हाणीघरात ठेवू नये. कोरड्या कपाटात ठेवावी.

• मध्येच सोडणं : ‘रिपोर्ट नॉर्मल आला, आता कशाला?’ असं म्हणून अनेक जण गोळी बंद करतात. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. या औषधाचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे ते सोडल्याचा परिणाम लगेच जाणवत नाही, काही आठवड्यांनी दिसतो. याच कारणाने एखादा दिवस चुकला तर घाबरायचंही कारण नाही.

• कंपनी बदलणं : दुकानात नेहमीची गोळी नव्हती म्हणून दुसऱ्या कंपनीची आणली, तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्यावा.

सकाळचा चहा ज्यांना सुटत नाही, त्यांच्यासाठी दुसरी वेळही आहे. रात्रीच्या जेवणानंतर किमान तीन तासांनी, झोपताना गोळी घेता येते. वेळ बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलावं आणि मग रोज तीच वेळ पाळावी.

तपासणीचीही एक खबरदारी आहे. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस त्या बंद ठेवा. त्यांच्यामुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

मग डोसच वाढवला तर?

हा विचार नवा नाही. थायरॉइड संप्रेरक वजन उतरवण्यासाठी वापरण्याचे प्रयोग खूप आधीपासून झाले आहेत आणि त्यांचे दुष्परिणामही दिसले आहेत. अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा असतो : हे लठ्ठपणासाठी किंवा वजन कमी करण्यासाठी वापरू नका.

गरजेपेक्षा जास्त डोस गेला की छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, घाम हे त्रास सुरू होतात. हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. हाडं ठिसूळ होतात, आणि पाळी गेलेल्या बायकांना हा धोका जास्त. वजन उतरलंच तर त्यात स्नायूही झिजतात. गिझरचा थर्मोस्टॅट तोडून कॉइल कायम चालू ठेवण्यासारखंच हे आहे. पाणी तापेल, पण गिझर जळेल.

टीएसएच किंचितच वाढलेला असेल तर?

बऱ्याच जणांच्या रिपोर्टमध्ये टीएसएच ५, ६ किंवा ७ असतो आणि टी-४ मात्र मर्यादेत असतं. याला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात. अशा प्रत्येकाला गोळी लागतेच असं नाही. टीएसएच सातत्याने १० च्या वर राहत असेल, गरोदरपण असेल किंवा ते ठरवलेलं असेल, अँटिबॉडीज वाढलेल्या असतील, लक्षणं असतील, हे पाहून डॉक्टर निर्णय घेतात. गोळीमुळे वजन उतरेल ही अपेक्षा तर इथे आणखी कमी ठेवायला हवी.

उलट एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. वजन जास्त असलं की त्यामुळेही टीएसएच थोडा वाढलेला दिसू शकतो आणि वजन उतरल्यावर तो खाली येऊ शकतो. म्हणजे काही वेळा आपण ज्याला कारण समजतो, तो परिणाम असतो.

ताटात काय बदलायचं?

‘थायरॉइड डाएट’ नावाचं वेगळं ताट नसतं. कोबी, फ्लॉवर पूर्ण बंद करण्याचीही गरज नाही. आयोडीन पुरेसं मिळत असेल तर शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही.

खरा हिशोब प्रमाणाचा आहे. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोज ३०० कॅलरी कमी गेल्या तर महिन्याला ९,००० होतात, म्हणजे ढोबळमानाने एक किलो. रोजच्या काट्यावर पाण्यामुळे चढउतार दिसेल, म्हणून आठवड्यातून एकदाच, सकाळी वजन करावं.

या ३०० कॅलरी किनाऱ्यावरच्या घरात कुठे सापडतील?

चार कप चहात प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे फक्त साखरेच्या १६० कॅलरी. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण १२०. बांगडा, बोंबील, मांदेली उत्तम प्रथिनं देतात, पण रोज तळून खाल्ले तर तेलाचा हिशोब धरावा लागतो. कालवण किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजलेला मासा बरा. ओल्या नारळाच्या १०० ग्रॅम खोबऱ्यात साधारण ३५० कॅलरी असतात. नारळ वाडीतला, फुकटचा, म्हणून हात सढळ सुटतो. वाटण निम्मं केलं तरी चव जात नाही. सोलकढी रोजच्याऐवजी कधीतरी.

भात पूर्ण सोडायची गरज नाही. आत्याने रात्रीचा भात सोडला, पण त्या जागी तीन भाकऱ्या आल्या आणि चारच्या चहाबरोबर खारी-बटर वाढलं. हिशोब होता तिथेच राहिला. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण १३० कॅलरी असतात. ताटात आधी भाजी आणि मासा, अंडं, डाळ किंवा वालाचं बिरडं वाढून घेतलं आणि उरलेल्या जागेत भात घेतला, तर भूकही भागते. कमी थायरॉइडमध्ये बद्धकोष्ठता होते, तिलाही भाज्या आणि कडधान्यांचा उपयोग होतो.

सुक्या मासळीत मीठ खूप असतं. ज्यांच्या अंगावर सूज आहे किंवा रक्तदाब जास्त आहे, त्यांनी सुकट, सुके बोंबील बेताने खावेत.

चालायचं किती?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. थायरॉइडसाठी वेगळा आकडा नाही.

फक्त सुरुवात सावकाश हवी. टीएसएच वाढलेला असताना स्नायू दुखतात, लवकर थकवा येतो. हा आळस नव्हे, आजाराचं लक्षण आहे. घरच्यांनी ‘जरा हालचाल कर’ असं टोचण्याआधी हे समजून घ्यायला हवं. आधी दहा मिनिटं सपाट रस्त्यावर किंवा ओहोटीच्या वेळी रेवदंड्याच्या ओल्या, घट्ट वाळूवर चालावं. डोस बसला की वेळ वाढवावा. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं यातूनही स्नायू टिकतात.

चूर्ण, काढे आणि नवी इंजेक्शनं?

‘थायरॉइड मुळापासून बरा’ अशी जाहिरात मोबाइलवर दिसली तर एवढंच लक्षात ठेवा : हाशिमोटोमुळे निकामी झालेली ग्रंथी सहसा पूर्ववत होत नाही. जे कमी पडतं ते बाहेरून द्यावं लागतं. अशा जाहिरातीच्या भरवशावर गोळी थांबवणं धोक्याचं आहे.

वजन कमी करण्यासाठीची आठवड्याला एकदा घ्यायची इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आली : मार्चमध्ये टिर्झेपॅटाइड आणि जूनमध्ये सेमाग्लुटाइड. थायरॉइड कमी आहे म्हणून ती घेता येत नाहीत असं नाही. मात्र स्वतःला किंवा घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग झालेला असेल तर ती वर्ज्य आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात.

डॉक्टरांकडे पुन्हा कधी जायचं?

डोस बदलल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासावा. तो स्थिर झाला की साधारण सहा महिने ते वर्षातून एकदा. वजन बरंच उतरलं तर डोस कमी करावा लागू शकतो, कारण तो शरीराच्या वजनाप्रमाणे ठरतो. गरोदर असल्याचं कळताच गोळी न थांबवता लगेच डॉक्टरांना सांगावं, त्या काळात गरज वाढते. आणि टीएसएच मर्यादेत असूनही थकवा, वजन, सूज तशीच राहिली तर मधुमेह, रक्तक्षय, पीसीओएस, झोपेत श्वास अडखळणं, नैराश्य यांचीही तपासणी करून घ्यावी. सगळ्याचं खापर थायरॉइडवर फोडलं की हे आजार मागे राहून जातात.

आत्याचं काय झालं?

बाटली गॅसजवळून उठून कपाटात गेली. गोळी पाच वाजता, उशाशी ठेवलेल्या पाण्याबरोबर. चहा सहा वाजता. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. हे सगळं डॉक्टरांना दाखवून केलं आणि डोस त्यांनी तोच ठेवला. दोन महिन्यांनी टीएसएच ३ च्या आत आला. वजन मात्र दीडच किलो उतरलं. तिने फोन केला, ‘बघ, एवढं करून दीड!’ मी म्हटलं, ‘आत्या, थायरॉइडचा वाटा उतरला. आता साखर आणि नारळाचा वाटा बघू.’

पुढच्या पाच महिन्यांत आणखी चार किलो गेले, हळूहळू, मध्ये एक महिना काहीच न हलता. काटा आता साडेसदुसष्टवर आहे. परवा मात्र तिने वजनाचा विषय काढलाच नाही. ‘या वेळी दत्तजयंतीला वर जाऊ या. मध्ये दोनदा बसेन, पण चढेन,’ म्हणाली. पाऊस धो-धो पडत होता. तिने आधी कपाटातल्या बाटलीचं झाकण घट्ट लागलंय का ते पाहिलं, मग चहा टाकला.